सहानंतर आठ

निपाणीच्या तंबाखू बाजारामागच्या गल्लीत पारमिताची लॅब आहे. लॅब म्हणजे एक खोली, एक फ्रीज, दोन यंत्रं आणि बाहेर एक लांबलचक बाकडं. सकाळी सातपासून त्या बाकड्यावर माणसं उपाशीपोटी येऊन बसतात. रक्त द्यायचं, नाश्ता करून परत यायचं, पुन्हा रक्त द्यायचं आणि दुपारी कागद घेऊन जायचं. खरी पंचाईत कागद हातात पडल्यावर सुरू होते. रिपोर्ट इंग्रजीत असतो, दवाखान्यातून मिळालेलं पथ्याचं पत्रक कन्नडमध्ये असतं आणि कागद धरणारी बाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली असते. बोलायला तिला कन्नड येतं, बाजारात भांडायला तर फारच झकास येतं. वाचायची वेळ आली की मात्र ती कागद पुढं करते.

"ह्यात काय लिवलंय गं पारूबाई?"

हा प्रश्न पारमिता दिवसातून वीस-पंचवीस वेळा ऐकायची आणि एकदाही वैतागायची नाही. कारण तिच्या आईनं, तानीबाईनं, हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. तानीबाई बिडी कारखान्यात कामाला होती. साखर निघाल्यावर मिळालेलं पत्रक तिनं नीट घडी घालून बाबासाहेबांच्या तसबिरीमागं ठेवलं आणि तीन वर्षं सांभाळलं. सरकारी कागद आहे, कधीतरी लागेल म्हणून. पारमिता तेव्हा बेळगावात होस्टेलवर राहून शिकत होती. आईचा पाय आधी बोटापासून, मग घोट्यापासून, मग गुडघ्याखालून गेला आणि पाठोपाठ आई गेली. त्यानंतर घर आवरताना पारमिताला ते पत्रक सापडलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की रोज रात्री पाय धुवा, पुसा आणि बोटांच्या बेचक्यात जखम आहे का ते बघा. एवढंच करायचं होतं. एवढंच करता आलं असतं.

त्या दिवसापासून पारमिताच्या डोक्यात एक पुस्तिका बसली होती. साखरेच्या आजाराची, मराठीत, बायकांना कळेल अशी.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. कन्नड आणि इंग्रजी पत्रकं पुढ्यात घेऊन तिनं पहिला मसुदा केला आणि मंगलमावशीला वाचून दाखवला. मंगल म्हणजे तानीबाईची कारखान्यातली शेजारीण. वीस वर्षं दोघींनी मांडीवर सूप घेऊन शेजारी शेजारी बिड्या वळल्या. बाकीच्या बायका तानीबाईपासून हातभर लांब बसायच्या, तेव्हा मंगल तिच्या डब्यातली भाकरी मोडून खायची आणि वर म्हणायची, "तुझ्या ठेच्याला जी चव हाय, ती माज्या हाताला येत न्हाय." तानीबाईच्या सडत्या पायाची पट्टीही शेवटचे सहा महिने तिनंच बदलली होती. लेक होस्टेलवर होती आणि ही परकी बाई पू पुसत होती. पारमिताला हे विसरणं शक्य नव्हतं.

मसुदा ऐकून मंगल बिडीचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "लई भारी लिवलंयस. पर ह्यातलं काय बी कळंना झालंय बघ."

मग पारमितानं 'रक्तशर्करा' खोडून 'रक्तातली साखर' केलं. 'मूत्रपिंड' काढून 'किडनी' घातलं, कारण किडनी सगळ्यांना ठाऊक होती. 'नियमित व्यायाम' ऐकून बायका हसल्या, म्हणून तिनं लिहिलं, 'दिवसभर बसून बिड्या वळता, तर दर तासाला उठून दाराबाहेर चार फेऱ्या मारा.' जो शब्द ऐकून कारखान्यातल्या बायका एकमेकींकडे बघायच्या, तो शब्द त्याच दिवशी बाद व्हायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून दिलं. शेवटी बारा पानं झाली. एका बाजूला छापलेली, वर भोक पाडून दोरा ओवलेली, म्हणजे चुलीपाशी खिळ्याला टांगता येतील.

सातवं पान मात्र पारमितानं लिहिलं नव्हतं. ते दिपालीनं सांगितलं होतं.

दिपाली ही मंगलची एकुलती एक पोर. बाराव्या वर्षी ती अचानक वाळत चालली, घागरभर पाणी प्यायली तरी तहान भागेना, तेव्हा तिचं रक्त याच लॅबमध्ये तपासलं गेलं. आकडा बघून पारमितानं तपासणी पुन्हा केली होती. लहानपणीच होणारी साखर होती ती. गोळी चालत नाही, पथ्यानं भागत नाही, शरीर स्वतः इन्शुलिन बनवायचंच थांबतं. रोज दोन वेळा सुई, आयुष्यभर. पण सुई घेतली तर पोरगी शाळा शिकते, धावते, लग्न करते, आई होते. पारमितानं हे सगळं मंगलला समजावून सांगितलं. मंगल ते ऐकून एवढंच म्हणाली.

"कुणाला सांगू नगंस. दिपीचा बाप, तू आन मी. चौथ्या कानाला कळाय नगं."

दिपालीच्या बापाचं नाव गुंडू. तोही मान हलवून मोकळा झाला. मुलीच्या आजाराला औषध असतं. मुलीच्या आजाराच्या बातमीला नसतं, हे आपल्याकडे आईबापांना कुणी शिकवावं लागत नाही.

नऊ वर्षं दिपालीनं सुई घेतली. स्वतःच्या हातानं, पोटावर, सकाळ-संध्याकाळ. बी.कॉम. झाली. दोन स्थळं आली आणि बोलणी पुढं गेल्यावर कुठूनतरी 'पोरगी आजारी असती' अशी कुजबुज पोचून मोडली. दुसऱ्या वेळी तर मुलाकडच्यांनी आणलेला नारळही परत नेला. त्या दिवशी दिपाली लॅबमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, तुमच्या पुस्तकात माझ्यासारखीचं पान हाय काय? लोकं म्हाताऱ्यांचीच साखर वळखतात. मी सांगतो, तुम्ही लिवा. नाव घालू नका फकस्त."

तिनं सांगितलं आणि पारमितानं लिहिलं. बोलीतले शब्द सोडले तर काही बदलावं लागलं नाही.

छपाई जानेवारीत झाली. पाचशे प्रती. संक्रांतीनंतरच्या रविवारी मंगल, पारमिता आणि दिपाली लॅबच्या जमिनीवर पानांचे गठ्ठे मांडून दोरा ओवायला बसल्या. पंचवीस बिड्यांचं बंडल डोळे मिटून बांधणारी मंगल. तिच्या बोटांना बारा पानं म्हणजे खेळ. दुपारपर्यंत सगळ्या प्रती तयार झाल्या.

आणि चारच दिवसांनी मंगल धावत आली. दिपालीला बेळगुंदीचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा युवराज, बेळगावात लोखंड ओतायच्या फौंड्रीत नोकरी, घरची भाताची आणि रताळ्याची शेती, सासू शिकलेली. फोटो बघून त्यांनी पसंती कळवली होती. रविवारी बघायला येणार होते.

"मग चांगलंच आहे की, मावशी."

"चांगलंच हाय." मंगल गठ्ठ्यांकडे बघत होती. "पारू, ते पान काढ."

"कुठलं?"

"दिपीचं."

पारमिताला आधी वाटलं, मावशी थट्टा करते आहे.

"त्यात तिचं नाव नाही, मावशी."

"नाव नसलं म्हणून काय झालं? निपाणीत बाराव्या वर्षी साखर निघालेल्या, बी.कॉम. झालेल्या किती पोरी हायत? लोक आंधळी न्हाईत. आन नाव जाऊ दे. पोरीला बी साखर हुती, ती सुईवर असती, हेच लोकास्नी ठाऊक न्हाय, म्हणून आजवर झाकलं गेलं. तू ह्ये गावोगाव टांगलंस की उद्या प्रत्येक सासू पोरीच्या पोटावर सुईचे डाग हुडकंल."

"पण तिनं स्वतः सांगितलंय ते. आणि तिथं गेल्यावर काय करणार? लपवून सुई घेणार?"

"घील. नऊ वर्सं घेतली न्हाय व्हय? एकदा पोर झालं, पाय रोवला, की आपणच सांगू." मंगलचा आवाज फाटला. "हे तिसरं स्थळ हाय गं. तिसरं मोडलं की पोरगी कायमची कोपऱ्यात बसती. तुज्या आयचा पाय मी ह्या हातांनी धुतलाय. मी कदी तोंडानं काय मागितलंय का तुला?"

मागितलं नव्हतं, हे खरंच होतं. पारमितानं एक गठ्ठा पुढं ओढला. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं, त्यापुढं शहाणी माणसंसुद्धा भित्री होतात. तिनं स्वतःला समजावलं की बाकीची अकरा पानं तर जातील. लग्न पार पडलं की सातवं पान वेगळं छापता येईल. आपल्याला चुकीचं वागायचं असतं, तेव्हा आपण नेहमी पुढच्या वर्षीचं आश्वासन देतो.

दोघींनी मिळून पाचशे दोरे सोडले, पाचशे पानं काढली, पाचशे दोरे पुन्हा बांधले. मंगलनं काढलेल्या पानांचे पंचवीस-पंचवीसाचे जुडगे बांधले आणि पारमितानं ते माळ्यावर टाकले. पानांवरचे आकडे तसेच राहिले. सहानंतर आठ.

लग्न फेब्रुवारीच्या अखेरीला झालं. सासरी घर भरलेलं होतं. सासरा नागोजी, धाकटा दीर नागेंद्र आणि सासू मालुबाई. मालुबाई गावच्या अंगणवाडीत पंचवीस वर्षं सेविका होत्या. जुन्या सातवी पास. हातात पडलेला कागद, अगदी भेळेचा पुडासुद्धा, वाचल्याशिवाय टाकायच्या नाहीत. जिभेनं तिखट आणि मनानं सरळ. सुनेला पहिल्या आठवड्यातच त्यांनी सांगून टाकलं, "माज्या घरात सून उपाशी ऱ्हात न्हाय आन सासू बी ऱ्हात न्हाय. भूक लागली की ताट घ्यायचं."

सासऱ्यांना साखर होती. मार्चमध्ये अंगणवाडीच्या बैठकीत मालुबाईंना एक पुस्तिका मिळाली आणि त्यांनी ती आणून चुलीशेजारी खिळ्याला टांगली. दिपालीनं ती लगेच ओळखली. तिचा दोरा तिच्याच आईनं बांधलेला होता.

"किती सोपं लिवलंय बघ गं," मालुबाई पानं उलटत म्हणाल्या. "पर सातवं पान न्हाय ह्यात. सहाच्या फुडं आठच हाय. छापणाऱ्यानं घोळ घातला वाटतं."

दिपाली भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "असंल आत्या," एवढंच म्हणाली.

मालुबाई अर्धवट कागदावर समाधान मानणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटच्या पानावर 'शंका असल्यास फोन करा' म्हणून नंबर होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"मॅडम, बेळगुंदीवरनं मालुबाई बोलतो. तुमचं पुस्तक लई उपयोगाचं हाय. आमच्या ह्यांस्नी साखर हाय, आजपासनंच पथ्य सुरू केलंय. पर सातवं पान चुकून ऱ्हायलंय काय? असलं तर धाडा. अर्ध ठाऊक असून काय कामाचं?"

पारमितानं नाव लगेच ओळखलं होतं. माळा तिच्या डोक्यावर होता. हात वर केला असता तर जुडगा हाताला लागला असता.

"छपाईत चूक झाली," ती म्हणाली. "त्या पानावर विशेष काही नव्हतं."

तिनं फोन ठेवला. आईनं तसबिरीमागं ठेवलेलं पत्रक कुणी वाचून दाखवलं नाही म्हणून ती दहा-बारा वर्षं जगावर चिडलेली होती. आज वाचायला येणारी बाई स्वतःहून कागद मागत होती आणि पारमितानं तो दिला नव्हता. तिला स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटून तिनं काही केलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

इकडे दिपालीचं चाललं होतं ते असं. दर पंधरा दिवसांनी मंगल निपाणीहून बेळगाव आणि तिथून बेळगुंदीची बस धरून यायची. डब्यात वर चटणी-भाकरी आणि खाली फडक्यात गुंडाळलेली इन्शुलिनची बाटली. नव्या जोडप्यासाठी माडीवर पत्र्याची खोली बांधली होती. तिथं ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ती बाटली राहायची. खाली स्वयंपाकघरात मोठा फ्रीज होता, पण त्यात सासूचा हात दिवसातून दहा वेळा जायचा. सकाळ-संध्याकाळ दिपाली साडीच्या ओच्यात सुई घेऊन न्हाणीघरात जायची. रक्त तपासायचं छोटं यंत्र तिनं माहेरीच ठेवलं होतं, कारण ते बघितल्यावर कुणालाही कळलं असतं. युवराज चांगला होता. पोटावरचे ठिपके बघून त्यानं एकदा विचारलं, तर ती म्हणाली, डास चावलेत.

एका रात्री तिला सांगून टाकावंसं वाटलं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण त्याच वेळी तो हसत म्हणाला, "आमच्या आईनं तुझ्याआधी चार पोरी नापसंत केल्या, म्हायतंय? एकीला चष्मा हुता म्हणून." ती कूस बदलून झोपली.

मे महिना आला. पत्र्याखालची खोली दुपारी भाजून निघायची. ट्रंकेला हात लावला तर चटका बसायचा. आतली बाटली तशीच भरलेली दिसायची, दिपाली तशीच मोजून सुई टोचून घ्यायची. बंद ट्रंकेत ऊन पोचत नाही, एवढ्यावर तिनं भरवसा ठेवला होता, पण उष्म्यानं त्या औषधातला जीव गेला होता. ती रोज दोन वेळा नुसतं पाणी टोचून घेत होती आणि तिला ते कळायला काही मार्ग नव्हता.

आधी तहान लागली. मग थकवा. मग एका मंगळवारी सकाळी चुलीपुढून उठून ती मागच्या दारी गेली आणि भडाभडा ओकली.

मालुबाईंनी तिची पाठ चोळली, तोंड धुवायला पाणी दिलं, आणि मग त्यांचा चेहरा फुलला.

"किती दिवस चढलेत गं?"

दिपालीची पाळी कधीच वेळेवर नसायची, त्यामुळं तिलाही क्षणभर ते खरं वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसत मान खाली घातली, ते मालुबाईंना लाजणं वाटलं. बाईमाणूस ओकलं की आपल्याकडे आधी पाळणा दिसतो. त्यांनी शेजारी सांगितलं, गावातून उसाचा रस मागवला, तूप घालून शिरा केला. "खा गं. आता दोन जीव हायत." दिपालीनं नको नको म्हणत दोन घास खाल्ले, पेलाभर रस प्यायला. संध्याकाळी पुन्हा ओकाऱ्या. पोटात दुखायला लागलं. रात्रभर ती पाणी पीत राहिली.

बुधवारी सकाळी दहाला मालुबाईंनी निपाणीला फोन केला. "विहीनबाई, गोड बातमी हाय! या लवकर. पोरगी जरा जास्तच गळून गेलीया बघा. श्वास बी मोठमोठ्यानं घेतीया. पहिलटकरीण न्हवं का."

मोठमोठ्यानं श्वास. मंगलच्या हातातून सूप पडलं. सातवं पान तिला वाचता येत नव्हतं, पण वाचून दाखवलेलं सगळं पाठ होतं. तरी तिच्या तोंडून काय बाहेर पडलं? "व्हय, येतो मी," एवढंच. कारण पलीकडची बाई आनंदानं बोलत होती आणि एका वाक्यात तो आनंद, ते घर, ते तिसरं स्थळ सगळंच मोडणार होतं. आधी पोचू, गुपचूप ताजी सुई देऊ, पोरगी उठून बसेल. ती धावत लॅबवर आली आणि तिथल्या फ्रीजमध्ये दिपालीसाठी ठेवलेली बाटली मागून घेतली.

"काय झालंय?" पारमितानं विचारलं. मंगलनं सांगितलं.

"मावशी, आत्ता मालुबाईंना फोन कर! बेळगावात मोठ्या दवाखान्यात न्यायला सांग. ही एका सुईनं थांबणारी गोष्ट नाही. सलाईन लागतं, तासातासाला तपासावं लागतं."

"आदी मी पोचतो. दोन-अडीच तासांची तर वाट."

"तुला अडीच तास आहेत. तिला नाहीत!"

"तू फोन करू नगंस," मंगल दारातून म्हणाली. "तुला तानीची आण हाय." आणि ती बससाठी पळत सुटली.

पारमिता फोन हातात धरून बसली. बाकड्यावर चारजण रिपोर्टसाठी ताटकळले होते. तिनं मालुबाईंचा नंबर काढला, ठेवला, पुन्हा काढला. मेलेल्या आईची आण मोडायची की जिवंत पोरीचा श्वास मोडू द्यायचा, यात विचार करण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. तरी चाळीस मिनिटं गेली. मग बाकड्यावरची एक म्हातारी हातातला कागद पुढं करत म्हणाली, "ह्यात काय लिवलंय गं पारूबाई?" आणि पारमितानं फोन लावला.

"मालुबाई, मी ते पुस्तक लिहिणारी बोलते. दिपालीला दिवस नाहीत गेलेले. तिला लहानपणापासून साखर आहे, ती सुईवर आहे. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय का बघा."

पलीकडे पायऱ्या चढल्याचा आवाज. मग मालुबाईंचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटत नव्हता. "येतोय. डोळे उघडंना झालीया."

"आत्ताच्या आत्ता गाडी करा. एक मिनिट थांबू नका."

नागेंद्रनं शेजाऱ्याची गाडी आणली. मालुबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर तिच्या गालावर पाण्याचा हात फिरवत राहिल्या. मंगल बेळगावच्या स्टँडवर उतरली, तेव्हा तिला फोनवर कळलं की बेळगुंदीला जायचं नाही, दवाखान्यात यायचं आहे. डब्यातली बाटली तशीच होती, अजून गार.

डॉक्टरांनी दोन दिवस झुंज दिली. "एक दिवस आधी आणली असती तर," एवढं म्हणून ते थांबले. शुक्रवारी पहाटे दिपाली गेली. एकवीस वर्षांची होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मंगल जमिनीवर पडून कपाळ आपटत होती आणि गुंडू तिला धरून ठेवत होता. मालुबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पारमिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पिशवीतून एक कागद काढून दिला. मालुबाईंनी तो सवयीनं वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

"हेच न्हवं सातवं?"

"हो."

"विशेष काय न्हवतं म्हणाला हुतासा."

मंगल सरपटत पुढं आली आणि तिनं मालुबाईंचे पाय धरले. "माज्यामुळं झालं. मी काढाय लावलं. तुमास्नी कळलं तर तुम्ही पोरीला करून घेणार न्हाय, म्हणून."

मालुबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती आणि आजही त्या बोलल्या नाहीत.

"व्हय. लग्नाआदी कळलं असतं तर मी न्हायच म्हटलं असतं. चष्म्याच्या पोरीला न्हाय म्हणणारी बाई मी." त्यांनी कागद छातीशी धरला. "पर लग्नानंतर एकदा सांगितलं असतंसा, तर मी तिला मरू दिली नसती ओ. माझी सून हुती ती. मी तिला उसाचा रस पाजला. माज्या हातानं पाजला."

आणि मग ती तिखट जिभेची बाई भिंतीला धरून लहान मुलासारखी रडली.

बाराव्याला बेळगुंदीच्या त्या घरात माणसं मावत नव्हती. जेवणाआधी मालुबाई उठून उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी पारमिता आणि मंगल माळ्यावरचे सगळे जुडगे घेऊन आल्या होत्या आणि मंगल ओसरीच्या कोपऱ्यात बसून जुडगे सोडत होती. तिची बोटं पहिल्यांदाच चुकत होती.

"हे माज्या सुनेनं लिवून घेतलेलं हाय," मालुबाई म्हणाल्या. "तिच्या जिवंतपणी तुमच्यापातूर पोचलं न्हाय. आता ऐका." आणि त्यांनी वाचलं.

'मी बारा वर्षांची असताना मला साखर निघाली. मी गोड जास्त खाल्लं म्हणून नाही, आईचं काही चुकलं म्हणूनही नाही. माझं शरीर इन्शुलिन बनवत नाही, म्हणून मी ते सुईनं घेते. जसं तुम्ही रोज जेवता तशी मी रोज सुई घेते. उपास असो, लग्न असो, ओकाऱ्या होवोत, माझी सुई बंद करू नका. माझी बाटली उन्हात ठेवू नका, ती नासते. मला खूप तहान लागली, पोट दुखून ओकाऱ्या झाल्या, श्वास जोरात चालला, तोंडाला फळासारखा वास आला, तर वाट बघू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. मी शिकू शकते, नोकरी करू शकते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं आई होऊ शकते. मला काम जमतं. फक्त लपवणं जमत नाही. त्यानं फार दमायला होतं.'

युवराज खांबाआड तोंड लपवून उभा होता.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. तिचं नाव इथं सांगत नाही. तिला मुलगी आहे. तिनं मंगलच्या हातातून एक कागद घेतला, पदराआड केला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो पुन्हा सगळ्यांना दिसेल असा बाहेर काढला.

"मालुबाई," तिनं विचारलं, "तुमचा धाकटा लग्नाचा हाय. उद्या असली पोरगी सांगून आली, खरं सांगून आली, तर तुम्ही काय म्हणशीला?"

सगळ्या माना वळल्या. नागेंद्र जमिनीकडे बघत होता. मालुबाईंनी हातातला कागद घडी न घालता धरून ठेवला. उत्तर सोपं नव्हतं आणि त्यांनी ते सोपं असल्याचं नाटक केलं नाही. त्या आत स्वयंपाकघरात गेल्या. सगळ्यांना दिसेल असं त्यांनी फ्रीजचं दार उघडलं. दारातला वरचा कप्पा पुसून रिकामा केलेला होता. त्यात काही नव्हतं.

"ती गेली त्या दिसापासनं रिकामा हाय," त्या म्हणाल्या. "एक बाटली ठिवायला किती जागा लागती, ते मी हात लावून बघितलं. चार बोटं. आमच्या एवढ्या मोठ्या घरात तिला चार बोटं जागा मिळाली न्हाय." त्यांनी दार बंद केलं नाही. "पोरीला घिऊन या. खरं सांगून या. माज्याकडनं न्हाय म्हणणार न्हाय."

त्या दिवशी बेळगुंदीत दीडशे कागद गेले. उरलेले मंगल घेऊन फिरते. निपाणीच्या बिडी कारखान्यात, खानापूरकडच्या वाड्यांत, जांबोटीच्या बाजारात. तिला वाचता येत नाही, म्हणून ती सातवं पान तोंडपाठ म्हणते. शेवटच्या ओळीला तिचा आवाज दर वेळी जातो आणि ती थांबून पुन्हा सुरू करते. पारमितानं नवी पुस्तिका छापली आहे. तीत सातवं पान पहिलं आहे आणि त्याखाली आता नाव आहे: दिपाली.

ते पान तुमच्या गावातही येईल. वाचून तुम्ही हळहळाल, कदाचित खिळ्यालाही टांगाल. पण त्याआधी आपल्या घरातला फ्रीज उघडून एकदा बघा. उद्या तुमच्या मुलासाठी एखादी मुलगी खरं सांगून दारात आली, तर तिच्यासाठी तिथं चार बोटं जागा आहे का?